ऊन पाण्याचा अहवाल कसा वाचावा, आणि त्यातून वीज निघेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमेश्वर तालुक्यात, तुरळ-राजवाडीच्या पट्ट्यात, एका गावात देवस्थानच्या जागेवर गरम पाण्याचं कुंड आहे. गावकऱ्यांनी पाणी तपासून घेतलं. कुंडात तापमान ५९ अंश सेल्सिअस, पीएच ८.१. बाकीचे आकडे दर लिटरला मिलिग्रॅममध्ये: सोडियम ३३०, पोटॅशियम १४, कॅल्शियम ११०, मॅग्नेशियम ६, क्लोराईड ५६०, सल्फेट १६०, बायकार्बोनेट ५०, सिलिका ८०. एका सल्लागाराने सिलिकाचं सूत्र लावून खाली १२५ अंशांचं पाणी असल्याचं सांगितलं आणि एक मेगावॉट विजेची गोष्ट काढली. आता गावाला तीन गोष्टी कळायला हव्या आहेत: वीज खरंच निघेल का, त्यासाठी कुंडाजवळ बोअर मारावी का, आणि हे पाणी औषधी म्हणतात ते कितपत खरं?

मी गेली सव्वीस वर्षं भूजलाच्या रसायनशास्त्रात काम करतो आहे आणि त्यातली बरीच कोकणातल्या ऊन पाण्याच्या झऱ्यांवर गेली. म्हणून आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. कुंडातून आपोआप वाहणाऱ्या पाण्यावर गावाच्या कामाची वीज होणार नाही. खोल बोअर मारून थोडी वीज निघू शकते, पण या अहवालाच्या जोरावर तो खर्च करू नका. कुंडाजवळ तर बोअर मारूच नका. या पाण्यातली उष्णता मात्र खरी आहे, आजही ती ओढ्याला वाहून जाते आहे, आणि तिचा उपयोग पुढच्या मे महिन्यापासून करता येईल.

एक गैरसमज आधी दूर करू, कारण सगळा हिशेब त्यावर उभा राहतो. कोकणातलं गरम पाणी ज्वालामुखीमुळे तापलेलं नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्याचाच आहे, पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब कधीच निवाली. इथे तापतं ते पावसाचं पाणी. ते भेगांतून खोल उतरतं, जमिनीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वेगाने वर येतं. पृथ्वीच्या पोटात साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. म्हणजे २७ अंशांचं पाणी १०० अंशांपर्यंत जायला अडीच ते तीन किलोमीटर खोल जावं लागतं. उष्णतेचा प्रवाह जास्त असेल तर थोडं कमी. पालघरमधल्या सातिवलीपासून राजापूरपर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पट्ट्यात हे झरे एका उत्तर-दक्षिण माळेत आहेत: तानसेच्या काठचं वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, मग आरवली, तुरळ, राजवाडी, आणि शेवटी राजापूरजवळचं उन्हाळे. ही माळ किनाऱ्याला समांतर गेलेल्या खोल भेगांची खूण आहे. आपल्या पूर्वजांनी ती गावांच्या नावांत नोंदवून ठेवली आहे. उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे, तिकडे चोपड्याजवळचं उनपदेव. सगळ्यांत 'ऊन' म्हणजे गरम. यांत उन्हवरे सगळ्यांत गरम, सत्तर अंशांच्या आसपास.

कुंडात तळातून बुडबुडे येतात म्हणून पाणी उकळतं असं लोक म्हणतात. ५९ अंशांना पाणी उकळत नाही. ते बुडबुडे मुख्यतः नायट्रोजनचे. पावसाच्या पाण्याबरोबर खाली गेलेल्या हवेतला ऑक्सिजन दगडाशी खर्ची पडतो, नायट्रोजन उरतो आणि वर येताना दाब कमी झाला की सुटतो. त्यासोबत दगडातल्या युरेनियम-थोरियमच्या क्षयातून आलेला थोडा हेलियमही असतो. पाणी पावसाचं आणि प्रवास खोलवरचा, याची ती साक्षच आहे.

आता तुमचा अहवाल. कुठलाही अहवाल आला की मी आधी विद्युतभाराचा ताळा करतो. धनभारित क्षारांची बेरीज आणि ऋणभारित क्षारांची बेरीज सारखी यायला हवी, कारण पाण्याला स्वतःचा भार नसतो. तुमच्या आकड्यांत धन बाजू २०.७ मिलिइक्विव्हॅलंट (भार मोजायचं एकक), ऋण बाजू १९.९. फरक दोन्ही बाजूंच्या एकूण बेरजेच्या दोन टक्क्यांच्या आत. पाच टक्क्यांपर्यंत मी चालवून घेतो. म्हणजे प्रयोगशाळेने ढोबळ चूक केलेली नाही.

पण हा ताळा एक गोष्ट पकडू शकत नाही. तुमचं मॅग्नेशियम ६ आहे की ०.६, याने बेरजेत फारसा फरक पडत नाही. आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्याच एका आकड्यात आहे.

विहिरीचं पाणी आणि कुंडाचं पाणी यांत मूळ फरक काय, तो पाहा. गावातल्या काळ्या दगडातल्या विहिरीत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतं, क्लोराईड नाममात्र. वीस-पंचवीस पावलांवरच्या कुंडात सगळं उलटं: सोडियम आणि क्लोराईडचा जोर, कॅल्शियम भरपूर, बायकार्बोनेट थोडं, मॅग्नेशियम जवळजवळ नाही. तापलेल्या दगडात मॅग्नेशियम पाण्यात राहतच नाही. क्लोराईटसारखी खनिजं त्याला गिळून टाकतात. त्यामुळे खोलवरून थेट आलेल्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमच्याही खाली जाऊ शकतं. ते जास्त दिसलं तर दोनच शक्यता: वर येताना विहिरीच्या थरातलं थंड पाणी मिसळलं, नाहीतर मोजण्यात चूक झाली.

मोजण्यातली चूक होते कशी, ते मला चांगलं माहीत आहे. बहुतेक साध्या प्रयोगशाळा मॅग्नेशियम थेट मोजत नाहीत. एकूण काठिण्याचं टायट्रेशन करतात, म्हणजे रंग बदलेपर्यंत मोजनळीतून (ब्युरेट) रसायन सोडतात, मग कॅल्शियमचं, आणि वजाबाकीतून मॅग्नेशियम काढतात. विहिरीच्या पाण्याला ही रीत पुरते. तुमच्या पाण्यात एकूण काठिण्य ३०० आणि त्यातलं कॅल्शियमचं २७५. पन्नास मिलिलिटर नमुना घेतला तर ब्युरेटवर हा फरक सव्वा मिलिलिटरचा. रंग बदलल्याचा क्षण ओळखण्यात अर्धा मिलिलिटर इकडे-तिकडे झाला, की मॅग्नेशियम अडीच मिलिग्रॅमने हलतं. वीस वर्षांपूर्वी मी असाच एक अहवाल डोळे मिटून स्वीकारला आणि त्यावरून एका झऱ्याचं खोलवरचं तापमान ७८ अंश लिहून दिलं. दोन वर्षांनी तोच झरा मॅग्नेशियम थेट मोजणाऱ्या आयसीपी यंत्रावर तपासला तेव्हा मॅग्नेशियम एकाच्या खाली निघालं आणि माझं ७८ खोटं ठरलं. तेव्हापासून गरम पाण्याचं मॅग्नेशियम वजाबाकीने काढलेलं असेल तर मी त्या आकड्यावर गणित करत नाही. तुमच्या प्रयोगशाळेला हाच एक प्रश्न विचारा: हे ६ कुठल्या पद्धतीने आलं?

हा आकडा एवढा मोलाचा का, हे जिओथर्मोमीटरमुळे, म्हणजे पाण्यातल्या क्षारांवरून खोलवरचं तापमान काढायच्या सूत्रांमुळे कळतं. खोलवर पाणी आणि दगड दीर्घकाळ एकत्र राहिले की पाण्यात कुठला क्षार किती विरघळायचा हे तापमान ठरवतं. वर येताना पाणी निवतं, पण वेगाने आलं तर ते प्रमाण फारसं बदलत नाही. म्हणून वरच्या पाण्यातून खालचं तापमान काढता येतं. सल्लागाराने वापरलेलं सूत्र भूरसायनशास्त्रज्ञ फोर्नियर यांनी १९७७ मध्ये मांडलेलं क्वार्ट्झचं, म्हणजे गारगोटीचं: सिलिकाच्या आकड्याचा लॉग ५.१९ मधून वजा करा, त्याने १३०९ ला भागा, २७३ वजा करा. सिलिका ८० ला उत्तर १२५ येतं. गणित बरोबर आहे. पण पाण्यातली सिलिका क्वार्ट्झच ठरवतो हे गृहीत धरलंय. कोकणात वरचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्याच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी, सिलिकेचंच दुसरं रूप, ठासून भरलेला असतो; फोडलेल्या दगडात दिसणारे ते दुधी, मेणचट गोटे तुम्ही पाहिले असतील. सिलिकेचं प्रमाण त्याने ठरवलं असेल तर सूत्रातले आकडे बदलतात, १०३२ आणि ४.६९, आणि त्याच ८० ला उत्तर येतं ९७. एकाच बाटलीतून २८ अंशांचा फरक.

पुढे जाऊ. सोडियम-पोटॅशियमच्या गुणोत्तरावरून फोर्नियर यांचं १९७९ चं सूत्र तुमच्या पाण्याला १५३ अंश देतं. गिगेनबाख यांचं १९८८ चं सूत्र १७२. पोटॅशियम-मॅग्नेशियमचं सूत्र ८०. तेच पाणी, आणि उत्तरं ८० पासून १७२ पर्यंत. मेगावॉट विकायचा असेल तो १७२ दाखवेल, प्रकल्प मोडायचा असेल तो ८० दाखवेल. दोघांचंही गणित अचूक असेल.

सोडियम-पोटॅशियमची सूत्रं मुळात १८० अंशांच्या वरच्या, ज्वालामुखी प्रदेशातल्या पाण्यासाठी बसवलेली आहेत. कमी तापमानाला दगडातल्या फेल्डस्पार खनिजाशी तो समतोल व्हायला फार वेळ लागतो आणि चिकणमातीची खनिजं मध्ये लुडबुड करतात. कोकणात मी ही सूत्रं काढतो, पण त्यांवर भरवसा ठेवत नाही. पोटॅशियम-मॅग्नेशियमचा समतोल उलट फार लवकर जुळतो, अगदी वर येता येता बदलतो, आणि त्यात मॅग्नेशियम आहे. तुमच्या अहवालातलं ६ खरं म्हणजे ०.६ असेल तर ८० चे १११ होतात. दशांशचिन्हाची जागा आणि ३१ अंश.

समजा ६ खरंच आहे आणि ते सगळं विहिरीच्या थरातल्या थंड पाण्यातून आलंय. त्या विहिरीत मॅग्नेशियम २० आणि सिलिका ३० असेल असं धरू (हे आकडे विहिरीचा नमुना घेऊन बदलायचे). मग कुंडातल्या दर दहा तांब्यांत जास्तीत जास्त तीन तांबे थंड पाणी आहे. ते वजा केलं की उरलेल्या गरम पाण्यात सिलिका १०१ येते, क्लोराईड ७९० च्या घरात, आणि कॅल्सेडनीवरून तापमान १११. आधीचं मॅग्नेशियम चुकलेलं असलं तरी १११, मिसळण धरलं तरी १११. हा थोडा योगायोग आहे आणि मी त्यावर शिक्का मारणार नाही. पण दोन वेगळ्या वाटा एकाच गावाला पोचतात तेव्हा मी तिकडे लक्ष देतो. तुमच्या आकड्यांवरून माझा अंदाज १०० ते ११५ अंश, आणि सिलिका व मॅग्नेशियम नीट मोजेपर्यंत मी त्याला अंदाजच म्हणेन.

क्लोराईड कुठून आलं, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न आहे, पण मला तो सगळ्यांत जवळचा वाटतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९,३५० मिलिग्रॅम क्लोराईड असतं. तुमचं ५६० म्हणजे त्याचा ३ टक्क्यांहून किंचित कमी हिस्सा. तेवढं समुद्राचं पाणी आलं तर सोबत सोडियम ३१० च्या आसपास यायला हवं. तुमच्याकडे ३३० आहे. मॅग्नेशियम ३७ यायला हवं, ते नाही. पण तापलेल्या दगडाने मॅग्नेशियम घेऊन बदल्यात कॅल्शियम सोडलं, तर ३७ मॅग्नेशियमच्या मोबदल्यात ६१ कॅल्शियम मिळतं. तुमच्या ११० पैकी अर्ध्याहून अधिक इथेच भागलं. म्हणजे भेगांत अडकून राहिलेलं जुनं समुद्राचं पाणी आणि पावसाचं पाणी यांची मिसळण, ही गोष्ट आकड्यांना बसते. दुसरं मत असं की बेसॉल्टच्या खालच्या ग्रॅनाइटातून हे क्षार सुटतात. बेसॉल्ट तळाशी संपतो हे आता छिद्र पाडून पाहिलेलं आहे: घाटावर कोयनेच्या भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटरचं छिद्र २०१७ मध्ये पूर्ण झालं, तिथे सव्वा किलोमीटरवर बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागला. दोन्ही मतांचे अभ्यासक आहेत. निवाडा करायचा असेल तर पुढच्या तपासणीत ब्रोमाईड मागा. समुद्रात क्लोराईड ब्रोमाईडच्या सुमारे २९० पट असतं. तुमच्याकडे ब्रोमाईड १.९ च्या जवळ आलं तर समुद्राकडे बोट जाईल. सोबत ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम (पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनची जड रूपं) करून घेता आलं तर उत्तम. पाणी पावसाचं आहे की नाही ते त्यावरून कळतं. आणि ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) जवळजवळ मिळालंच नाही, तर तो पाऊस १९५० च्या दशकातल्या अणुचाचण्यांच्या आधी पडलेला.

नमुना पुन्हा घ्या, आणि या वेळी माझ्या पद्धतीने घ्या. कुंडाच्या कडेला बाटली बुडवू नका. लोक आंघोळी करून गेलेल्या पाण्यात साबणही असतो आणि घामही. पहाटे, माणसं यायच्या आत जा. थर्मामीटरचं टोक भिंतीलगत फिरवत न्या; एका जागी, बहुतेक बुडबुड्यांच्या रेषेत, पारा दोन-तीन अंशांनी वर चढेल. पाणी त्या फटीतून आत येतं. मी तिथे सिलिकॉनची नळी खुपसतो, दुसरं टोक मोठ्या सिरिंजला जोडतो आणि पहिल्या तीन सिरिंजा ओतून देतो. मग पुढे ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर लावून प्लास्टिकच्या दोन बाटल्या भरतो. एकीत शुद्ध नायट्रिक आम्लाचे काही थेंब, पीएच दोनच्या खाली जाईपर्यंत, ती सोडियम-पोटॅशियम-कॅल्शियम-मॅग्नेशियमसाठी. दुसरी तशीच, क्लोराईड-सल्फेट-ब्रोमाईडसाठी. काचेची बाटली नको, काचेतून सिलिका आणि बोरॉन सुटतं. पीएच आणि बायकार्बोनेट तिथेच मोजा. मी गाडीच्या बॉनेटवर टायट्रेशन करतो, कारण बाटली रत्नागिरीला पोचेपर्यंत कार्बन डायऑक्साईड उडून गेलेला असतो आणि पीएच वर सरकतो. तुमच्या अहवालातलं ८.१ प्रयोगशाळेतलं असेल तर कुंडातलं त्याहून कमी असणार.

सिलिकेबद्दल एक बारीक गोष्ट. पुस्तकं सांगतात की नमुना लगेच दहापट पातळ करा, नाहीतर निवल्यावर सिलिकेच्या साखळ्या बनतात आणि सिलिका मोजायच्या मोलिब्डेट कसोटीत त्या दिसत नाहीत. हे लडाखच्या पुगासारख्या, सिलिका जास्त असलेल्या पाण्यासाठी खरं. तुमच्या ८० ला तो धोका नाही, कारण साध्या तापमानाला पाणी सव्वाशेच्या जवळपास सिलिका विरघळलेली ठेवू शकतं. तेवढी मेहनत वाचवा आणि ती दुसरीकडे लावा: एक नमुना मे अखेर, एक सप्टेंबरात, आणि दोन्ही वेळा शेजारच्या विहिरीचाही. पावसानंतर क्लोराईड आणि सिलिका दोन्ही विहिरीच्या आकड्यांच्या दिशेने सोबत उतरलं तर मिसळणीला दुजोरा मिळाला, आणि विहिरीचे खरे आकडे माझ्या अंदाजाच्या जागी बसतील.

आता विजेकडे. कुंडाचा निचरा किती आहे ते कुणीच लिहिलेलं नाही. वीस लिटरची बादली चरीच्या तोंडाला धरा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. दहा सेकंदांत भरली तर सेकंदाला दोन लिटर. तेवढं धरून सांगतो. ५९ अंशांचं पाणी ४० पर्यंत निववलं तर १६० किलोवॉट उष्णता मिळते. ऐकायला मोठं वाटतं. पण वीज करणाऱ्या यंत्राला गरम बाजूइतकीच थंड बाजू लागते, आणि कोकणात थंड बाजू म्हणजे ३०-३२ अंशांचं ओढ्याचं पाणी. २७ अंशांच्या फरकावर निसर्गनियमानेच आठ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, आणि प्रत्यक्ष यंत्र अडीच-तीन टक्के देतं. म्हणजे चार-पाच किलोवॉट, त्यातले बरेचसे पंप आणि पंखेच खातात.

इथे हमखास अलास्कातल्या चेना हॉट स्प्रिंग्जचं उदाहरण दिलं जातं: ७४ अंशांच्या पाण्यावर २००६ पासून वीज, दोनशे किलोवॉटची यंत्रं. ते खरं आहे. पण चेनाला थंड करायला ४ अंशांचं पाणी आहे, आणि गरम पाण्याचा प्रवाह तुमच्या कुंडाच्या कितीतरी पट. सत्तर अंशांचा फरक त्यांच्याकडे आहे. तुमच्या कुंडाकडे सत्तावीस.

खोल बोअरचं गणित वेगळं. ११० अंशांचं पाणी सेकंदाला १० लिटर मिळालं आणि ६५ पर्यंत निववलं तर १,९०० किलोवॉट उष्णता, ऑरगॅनिक रँकिन सायकलवर (कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रवाच्या वाफेवर चालणारं यंत्र) साधारण दीडशे किलोवॉट वीज, स्वतःचा खर्च जाऊन शंभर. एक मेगावॉटसाठी सेकंदाला शंभर लिटर. इतकं पाणी देणारी भेग दीड-दोन किलोमीटर खोलवर नेमकी सापडली पाहिजे, आणि ती कुठे आहे हे पाण्याचा अहवाल सांगत नाही. रसायनशास्त्र तापमान सांगतं. प्रवाह आणि जागा सांगत नाही. त्यासाठी चुंबक-विद्युत सर्वेक्षण लागतं, खोलीनुसार तापमान किती वाढतं ते मोजणारी छिद्रं लागतात, आणि ते काम एका ग्रामपंचायतीच्या कुवतीचं नाही. भारतात भू-औष्णिक वीज करण्यालायक सगळ्यांत चांगली जागा म्हणजे पुगा. तिथे टाकणखार जमिनीवर साठतो, पाणी ४,४०० मीटर उंचीवर ८४ अंशांना उकळतं, आणि रसायनशास्त्र खाली २०० अंशांच्या पुढचं तापमान दाखवतं. तिथेही अजून ग्रिडला वीज गेलेली नाही. देशाची क्षमता १०,६०० मेगावॉट हा जो आकडा सगळीकडे फिरतो तो सैद्धांतिक अंदाज आहे. तो तुमच्या कुंडाच्या नावाने कुणी मांडला तर त्याला बादली आणि घड्याळ द्या.

कुंडाजवळ बोअर का नको? न्यूझीलंडमध्ये वैराकेईला १९५८ मध्ये वीजकेंद्र सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत जवळच्या खोऱ्यातले उसळते झरे थांबले, कारण त्यांना वर ढकलणारा दाब विहिरींनी काढून घेतला. तुमच्या भेगेचा दाब त्या मानाने किरकोळ आहे. शंभर फुटांवर सहा इंची बोअर मारून पाच हॉर्सपॉवरचा पंप बसवला तर कुंड कोरडं पडू शकतं, आणि एकदा गेलेलं कुंड परत आणायची युक्ती मला तरी माहीत नाही. शेतीसाठी बोअर हवी असेल तर भेगांच्या रेषेपासून, म्हणजे कोकणात बहुधा कुंडाच्या उत्तर-दक्षिण दिशेपासून, लांब जा. ग्रामसभेत हा एक ठराव आधी करा.

उष्णतेबद्दल मात्र मला मनापासून सांगायचं आहे. त्याच १६० किलोवॉटचा विचार सुकवणीसाठी करा. चरीतून वाहून जाणारं पाणी, कुंडाला हात न लावता, पाण्यातून हवेला उष्णता देणाऱ्या कॉइलमधून फिरवलं तर ४८-५० अंशांची कोरडी हवा मिळते, दिवसरात्र, वीज फक्त पंख्याला. पावसाळी दमट हवा धरूनही ताशी ५० ते ६० किलो पाणी उडवता येईल. आता तुमच्या गावातला जून आठवा. कोकमाचा शेवटचा तोडा नेमका पावसात सापडतो. आमसुलांना रसाची पुटं द्यायची आणि प्रत्येक पुटाला ऊन दाखवायचं, आणि ऊनच नाही. बुरशी धरलेली सोलं खड्ड्यात जातात. आंबापोळीच्या ताटांवर मेच्या शेवटच्या आठवड्यात वळीव पडतो. फणसपोळी, ओली काजूबी, सगळ्याला तेच ४५-५० अंश हवेत, आणि ते तुमच्या गावच्या मातीतून फुकट वाहत आहेत. २०२५ च्या राष्ट्रीय भू-औष्णिक धोरणात विजेबरोबर उष्णतेच्या थेट वापरालाही जागा आहे, तेव्हा प्रस्ताव करताना तो धागा धरा.

कॉइल करताना पाण्याचा स्वभाव ध्यानात घ्या. कॅल्शियम ११० आहे, त्यामुळे क्षार बसतील, पण बायकार्बोनेट थोडं असल्याने बंबात बसतात तसे थर होणार नाहीत. वर्षातून एकदा सायट्रिक आम्लाने धुतलं तरी पुरे. खरा शत्रू क्लोराईड आहे. ३०४ जातीच्या स्टीलला ५६० क्लोराईड आणि गरम पाणी मिळून टाचणीएवढी भोकं पाडतात. ३१६ घ्या, सांधे कमीत कमी ठेवा, आणि कॉइलची जाडी वाचवू नका. साधं जीआय तर दोन पावसाळेही काढणार नाही.

राहिलं औषधी पाणी. गंधकाचं पाणी म्हणतात, पण तुमच्या अहवालात जे १६० आहे ते सल्फेट, आणि त्याचा त्वचेवर काही चमत्कार होत नाही. वास येतो तो हायड्रोजन सल्फाईडच्या नाममात्र अंशाचा. गरम पाण्याने दुखरे सांधे मोकळे होतात, तेवढं खरं. ५९ अंश थेट अंगावर घेऊ नका, पोरांना तर मुळीच नाही. काही सेकंदांत कातडी भाजते. निववलेल्या कुंडातच उतरा. आणि तीर्थ म्हणून बाटल्या भरून पिऊ नका. तुमच्या अहवालात फ्लोराईड नाही. गरम झऱ्यांत ते वारंवार पिण्याच्या पाण्याच्या १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपुढे जातं, आणि रोज प्यायल्यास आधी दात आणि पुढे हाडं धरतं. मे अखेरच्या नमुन्याच्या यादीत ब्रोमाईडच्या शेजारी फ्लोराईड लिहा, आणि तो अहवाल हाती येईपर्यंत कुंडाच्या पाण्याचा नळ शाळेकडे नेऊ नका.